मुक्तची पदवी चालते. पण बारावी कुठे आहे?

"वकीलसाहेब, मुक्तची डिग्री चालते का?" हा प्रश्न आम्हाला कोर्टाच्या आवारात विचारला जातो, विहारात विचारला जातो, लग्नाच्या मांडवात आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही विचारला जातो. विचारणारा बहुधा तिशी ओलांडलेला असतो. कोणी नगरपालिकेत सफाई कामगार, कोणी एस.टी.त वाहक, कोणी कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक, कोणी अंगणवाडी सेविका. बाप गेला म्हणून शाळा सुटली, लग्न लावून दिले म्हणून शाळा सुटली, गणितात नापास झाला म्हणून शाळा सुटली. आता पोरे शिकू लागली आणि स्वतःचे राहून गेलेले शिक्षण डोळ्यांपुढे उभे राहिले. नोकरी सोडता येत नाही, महाविद्यालयात जाऊन बसता येत नाही, आणि खासगी संस्थांच्या फीचा आकडा ऐकूनच माणूस मागे फिरतो. अशा माणसाला घरी पुस्तके देणारे, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रात शिकवणारे आणि वर्षाला काही हजारांत पदवीपर्यंत नेणारे दूरशिक्षण हाच एक रस्ता उरतो.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर आधी स्पष्ट देतो. चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरशिक्षणविषयक विनियमांतील २२ व्या विनियमानुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाने मिळवलेली पदवी ही वर्गात बसून मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितले. त्यामुळे एखादा कार्यालयातला बाबू "मुक्तची पदवी आम्ही मानत नाही" असे तोंडी सांगत असेल, तर त्याला म्हणावे, हेच कागदावर लिहून द्या. आमचा अनुभव असा की लिहून द्यायची वेळ आली की बाबूचा सूर बदलतो.

पण इतके उत्तर देऊन आमचे काम संपत नाही. ही पदवी कोणी दिली आणि तिच्या पायाशी काय आहे, हे दोन प्रश्न पुढे उभे राहतात. आणि या दोन प्रश्नांवरच आपल्या समाजातील अनेक कष्टकरी माणसे पाच-सहा वर्षांच्या मेहनतीनंतर अडकून पडलेली आम्ही पाहतो.

त्याआधी एक गोष्ट. काम करता करता शिकणे ही काही सरकारने आपल्यावर केलेली मेहेरबानी नाही. ती आपल्या चळवळीची जुनी मागणी आहे. महात्मा फुले आणि सावित्रीमाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसा शिकता येत नाही हे ओळखून. बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना सरकारला सुनावले होते की, महाविद्यालयांचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल करणे म्हणजे शिक्षणाचा व्यापार करणे होय. शिक्षण हे प्रत्येकाच्या आवाक्यात आलेच पाहिजे, आणि खालच्या वर्गांसाठी ते जितके स्वस्त करता येईल तितके केले पाहिजे. पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना कामावर जाण्यापूर्वी शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. कारकुनी करणारा, गिरणीत जाणारा, गोदीत काम करणारा तरुण पदवीधर होऊ शकतो, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. मुक्त विद्यापीठाची कल्पना देशात रुजायला त्यानंतर अनेक वर्षे जावी लागली.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये तेच केले. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला स्थापन झाले आणि बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात, १९९१ मध्ये, त्याला डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ असे नाव देण्यात आले. नामांतरासाठी मराठवाड्यात घरेदारे जळालेली पाहिलेल्या आपल्या समाजाला शेजारच्या राज्यातील ही गोष्ट फारशी माहीत नसते, याचे आम्हाला नेहमी आश्चर्य वाटते. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद. मराठीतून पुस्तके, तालुक्याच्या गावी अभ्यासकेंद्र, आणि ज्याची शाळा मधेच सुटली त्याच्यासाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम. दहावी-बारावीचा कागद हातात नसलेला माणूस पूर्वतयारी करून थेट बी.ए.ला बसू लागला. वस्तीवस्तीतून पदवीधर निघाले. यात बायाबापड्यांचे प्रमाण पाहिले की मन भरून येते; चूल सांभाळून, नवऱ्याची कुरकुर ऐकून, पोर कडेवर घेऊन परीक्षाकेंद्रावर आलेल्या आयाबहिणी आम्ही पाहिल्या आहेत.

आता 'कोणी दिली' या प्रश्नाकडे येऊ.

पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिले आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणालाही नाही. हे कलम मोडून बनावट पदव्या विकणाऱ्याला त्याच कायद्याच्या २४ व्या कलमाने शिक्षा किती ठेवली, तर एक हजार रुपयांपर्यंत दंड! एका पदवीचे पन्नास हजार घेणाऱ्या दुकानदाराला हजाराच्या दंडाचे काय वाटणार? गोरगरिबांच्या फसवणुकीची किंमत या व्यवस्थेने किती लावली आहे, ते यावरून कळते.

म्हणूनच नाक्यानाक्यावर 'एका वर्षात पदवी', 'नापासांना सुवर्णसंधी' असे फलक लागतात. छत्तीसगडमध्ये २००२ च्या एका कायद्याचा आधार घेऊन शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदावर उभी राहिली. कुठे इमारत नाही, कुठे शिक्षक नाहीत. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्याची संबंधित कलमे रद्द केली आणि ती विद्यापीठे एका दिवसात नाहीशी झाली. राज्याच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठाला राज्याबाहेर केंद्रे उघडता येत नाहीत, हेही त्या निकालाने सांगितले. तेव्हा उत्तरेकडच्या कुठल्याशा विद्यापीठाचे 'अधिकृत अभ्यासकेंद्र' आपल्या बसस्टँडसमोरच्या गाळ्यात दिसले, तर तेथे पैसे भरू नयेत.

यापेक्षाही वाईट हकीकत ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाची आहे. ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनच्या प्रकरणात चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या. पदवी घेणारे बरेचसे पदविकाधारक नोकरदार होते. बढती मिळावी म्हणून त्यांनी नोकरी सांभाळून हा अभ्यास केला होता. तंत्रशिक्षण परिषदेची परवानगीच नव्हती. न्यायालयाने २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षेची संधी दिली आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सरळ रद्द केल्या. मिळालेली बढतीही गेली. ही बनावट विद्यापीठे नव्हती, हे लक्षात घ्या. विद्यापीठ खरे होते, पण तो अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवण्याचा अधिकार त्याला नव्हता. म्हणून विद्यापीठाला मान्यता आहे एवढे विचारून भागत नाही. ज्या वर्षी आपण प्रवेश घेतो त्या वर्षी, त्या विषयाला, त्या पद्धतीने शिकवण्याची परवानगी आहे का, हे विचारावे लागते. २०१३ पर्यंत हे काम दूरशिक्षण परिषद पाहत असे. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडे आले. त्याची यादी सत्रागणिक प्रसिद्ध होते आणि प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याला त्या विभागाचा ओळख क्रमांकही काढावा लागतो. नॅकचा दर्जा ही वेगळी गोष्ट आहे. जाहिरातीत 'नॅक ए प्लस' मोठ्या अक्षरांत असते आणि दूरशिक्षणाच्या परवानगीचा पत्ता नसतो. दर्जा म्हणजे परवानगी नव्हे.

आता दुसरा प्रश्न. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. महापालिकेत सफाई खात्यात वीस वर्षे नोकरी. शाळा नववीत सुटलेली. पूर्वतयारी करून त्यांनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले, तेही चांगल्या गुणांनी. युनियनचे काम करता करता कायद्याची गोडी लागली. वकील होऊन आपल्याच कामगारांच्या केसेस लढवायच्या, हे स्वप्न. प्रवेश परीक्षा दिली, उत्तीर्ण झाले, आणि कागदपत्र तपासणीच्या वेळी महाविद्यालयाने विचारले, बारावीची गुणपत्रिका कुठे आहे? ती नव्हतीच. प्रवेश नाकारला गेला.

महाविद्यालयाने नियमाबाहेर काही केले नव्हते. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील ५ वा नियम असे सांगतो की, बारावी किंवा पदवी दूरशिक्षणाने वा पत्राद्वारे घेतलेला उमेदवार कायद्याच्या प्रवेशाला पात्र आहे. इथपर्यंत ठीक. पण त्याखालच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, मूळ शैक्षणिक पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेला उमेदवार पात्र नाही. म्हणजे दहावी, बारावी आणि मग मुक्तमधून बी.ए. करणाऱ्याला दार उघडे. पूर्वतयारीवरून थेट बी.ए. करणाऱ्याला बंद. पदवी एकच, विद्यापीठ एकच, पुस्तके एकच, परीक्षाही एकच!

हे न्याय्य आहे का? आमच्या मते नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या विनियमांनीच सांगितले होते की, ज्याच्याकडे शालेय शिक्षणाचा कागद नाही त्याचे वय २१ वर्षे पूर्ण असेल आणि त्याने विद्यापीठाची प्रवेश चाचणी उत्तीर्ण केली असेल, तर त्याला दूरशिक्षणाने पहिली पदवी घेता येईल. सरकारच्याच नियमाने बोलावले, सरकारच्याच विद्यापीठाने फी घेतली, शिकवले, परीक्षा घेतली, पदवीदान समारंभात झगा घालून पदवी दिली, आणि त्यानंतर दुसऱ्या एका वैधानिक संस्थेने सांगितले की तुमची पदवी आमच्यापुरती पदवी नाही. आता हा नियम कोणाला लागतो ते पहा. बंगल्यातल्या मुलाची बारावी चुकत नाही. बारावी चुकते ती वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीला गेलेल्या, सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या लेकरांची. नियमात जातीचे नाव नाही, पण नियमाचा फटका कोणत्या वस्तीत बसतो हे सांगायला आयोग नेमण्याची गरज नाही.

वकील परिषदेच्या बाजूने असे सांगितले जाते की पाया कच्चा असलेला माणूस कायदा काय शिकणार. प्रवेशासाठी चाचणी आहे, प्रत्येक सत्राला परीक्षा आहे, सनदेसाठी पुन्हा अखिल भारतीय परीक्षा आहे. इतक्या चाळण्यांतून जो पार पडेल त्याचा पाया कच्चा कसा?

सर्वोच्च न्यायालयाचा अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणातील फेब्रुवारी २००९ चा निकालही या संदर्भात वारंवार तोंडावर फेकला जातो. त्या प्रकरणात पहिली पदवी नसताना थेट एम.ए. दिले गेले होते, आणि ते आयोगाच्या विनियमांशी विसंगत असल्याने न्यायालयाने ते मानले नाही. चाचणी देऊन घेतलेल्या पहिल्या पदवीची गोष्ट वेगळी, हा युक्तिवाद आमच्या मते भक्कम आहे. वकील परिषदेने स्पष्टीकरणाचा तो भाग काढावा यासाठी आपल्या वकील संघटनांनी निवेदने द्यावीत, गरज पडल्यास उच्च न्यायालयात जावे. राखीव जागांच्या प्रश्नावर आपण रस्त्यावर येतो. या प्रश्नाची आपल्या नेत्यांना बातमीही नसते.

पण लढाई चालू असताना आपल्या माणसाने मुद्दाम खड्ड्यात पाय का घालावा? ज्याला आज नव्याने सुरुवात करायची आहे, त्याने क्रम मोडू नये. आधी दहावी, मग बारावी, मग पदवी. यात दोन-तीन वर्षे जास्त जातील. जाऊ द्यावीत. शाळेत न जाता दहावी-बारावीला बसण्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, तो आपल्या वस्त्यांना नवा नाही. त्याची मुदत वर्षातून थोडे दिवस असते आणि ती चुकली की वर्ष जाते. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिला वयाची वरची मर्यादा नाही, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि विषय एकेक करून सोडवता येतात. रात्रपाळी करणाऱ्याला हे सोयीचे पडते. पदवी आधी आणि बारावी नंतर, अशी उलटी उडी घेऊ नये. तसे केलेल्यांना प्रत्येक खिडकीवर वाद घालत बसावे लागते.

ज्यांनी आधीच पूर्वतयारीवरून पदवी घेतली आहे त्यांनी निराश होऊ नये. कायद्याचे शिक्षण सोडले तर अनेक ठिकाणी ती पदवी उपयोगी पडते. जाहिरातीत 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' एवढीच अट असेल तर अर्ज करावा. 'दहावी-बारावीनंतर घेतलेली पदवी' असे शब्द असतील तर अर्ज भरण्याआधी लेखी विचारणा करावी, आणि नकार आला तर तो नकार जपून ठेवावा. याचिका करायची झाली तर तोच कागद लागतो.

कायद्याची पदवी मात्र दूरशिक्षणाने मिळत नाही, हेही सांगून टाकतो. हजेरीची ७० टक्क्यांची अट आहे. त्यामुळे नोकरी सांभाळून वकील व्हायचे तर सकाळचे वर्ग असलेले महाविद्यालय शोधावे लागते आणि पाळी बदलून घ्यावी लागते. 'हजेरीशिवाय एल.एल.बी.' असे सांगणारा दलाल पैसेही घेतो आणि पुढे सनदही घालवतो.

एक कडू गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. मुक्तच्या पदवीला लोक नावे ठेवतात ते सगळेच जातीय द्वेषाने नव्हे. स्वाध्याय दुसऱ्याकडून लिहून घेणे, परीक्षेला गाइड फाडून नेणे, अभ्यासकेंद्राच्या शिपायाला चहापाणी देणे, हे आपल्याही लोकांत चालते. मुक्त विद्यापीठाची पुस्तके चांगली असतात. एकट्याने वाचून समजावीत अशा रीतीने ती लिहिलेली असतात. ती न उघडता पदवी घेणारा पदवीधर बाहेर एक मिनिट टिकत नाही आणि पुस्तके वाचून शिकलेल्या शंभर जणांचे नाव खराब करतो. बाबासाहेबांचे नाव घेऊन कॉपी करणाऱ्याला आपण विहारातच जाब विचारला पाहिजे.

विहाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. जयंतीच्या वर्गणीतून डीजेला जाणारी रक्कम आम्ही मोजत बसत नाही, ती प्रत्येक वस्तीला माहीत आहे. त्यातला एक वाटा बाजूला काढून दर रविवारी दोन तास मुक्तच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग चालवता येईल. वस्तीत एक निवृत्त शिक्षक असतोच. अंगणवाडी सेविकेला मुख्यसेविका व्हायचे तर पदवी लागते. अशा चार सेविका एका वस्तीत असल्या तर त्यांनी एकत्र बसून वाचावे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत पत्राद्वारे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची फी आणि पुस्तकांसाठी रक्कम अशी तरतूद केलेली होती, तरी ती मागायला आपली माणसे गेली नाहीत, कारण कोणी सांगितलेच नाही. समाजकल्याण कार्यालयात जाऊन चालू वर्षाचे नियम विचारावेत आणि विहाराच्या फलकावर लावावेत.

आणि कागदांची तयारी आधीच करावी. सतरा नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. वीस-पंचवीस वर्षांनी तो बहुधा पुरात गेलेला असतो किंवा उंदराने खाल्लेला असतो. मूळ गावच्या शाळेत अर्ज करून दुसरी प्रत मिळते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असते. दाखल्यावर कुठे 'हिंदू महार', कुठे 'नवबौद्ध', कुठे नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते, आणि बहिणींच्या बाबतीत माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात लागू झाल्या, पण जातीचा दाखला आणि शाळेचा दाखला जुळला नाही तर खिडकीवरचा माणूस अर्ज परत करतो. नावातील बदलासाठी राजपत्रात नोंद करून घ्यावी, विवाह नोंदणीचा दाखला जोडावा, आणि हे सगळे परीक्षेच्या फॉर्मची मुदत सुरू होण्याच्या तीन-चार महिने आधी करावे. शाळेचा कारकून पहिल्या फेरीत क्वचितच भेटतो.